दर सोमवारी वाढणारं विद्यापीठ

दर सोमवारी सकाळी आमचं विद्यापीठ वाढायचं. मग मंगळवारपासून आम्ही सगळे शोधत बसायचो, नेमकं कुठे वाढलं म्हणून.

वाढवायचं काम कुलगुरूंचं. प्रार्थना झाली की ते झेंड्याच्या ओट्यावर चढायचे, काखेत हेल्मेट, हातात माईक, आणि 'प्रगती निवेदन' सुरू करायचे. माईक बहुतेक वेळा बंदच असायचा. तरी ते तो तोंडाला लावूनच बोलायचे, त्यामुळे मागच्या रांगांना ऐकू यायचं नाही आणि पुढच्या रांगांना सगळं ऐकूनही काही कळायचं नाही. "बदल म्हणजे वाढ, आणि वाढ म्हणजे बदल," असं म्हणून ते थांबायचे. आता टाळ्या वाजवायच्या की वर्गात जायचं, हेच आम्हाला समजायचं नाही. खेळाचे सर तेवढे टाळ्या वाजवायचे. कबड्डीच्या मैदानावरची त्यांची ती सवयच होती.

गोरेगावहून कोहमाऱ्याकडे निघालं की मध्ये आमचं विद्यापीठ. दोन इमारती, तिसरीचे नुसते खांब, आणि तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. आधी ते साधं कॉलेज होतं, गोंदियातल्या एका राइस मिलवाल्या शेठजींनी काढलेलं. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायचे. एका उन्हाळ्यात फाटकावरची पाटी बदलली आणि आम्ही विद्यापीठ झालो. पगार तोच, नळाचं पाणी तसंच पिवळं, फक्त प्राचार्य गेले आणि कुलगुरू आले. कुठून आले हे कोणाला धड सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे पुण्याचे, कोणी म्हणे रायपूरचे. सरळ त्यांनाच विचारलं तर म्हणायचे, "मॅडम, माणूस कुठून आला ते सोडा, कुठे चाललाय ते बघावं जी."

हे 'जी' त्यांनी आल्याआल्या आमच्याकडून उचललं होतं, पण कुठे लावायचं ते शेवटपर्यंत जमलं नाही. शिपायाला जी, फाटकातून आत आलेल्या बकरीलाही जी. "बाहेर व्हा जी," असं म्हणत त्यांना बकरीमागे जाताना मी स्वतः पाहिलं आहे. बकरी गेली नाही. उंच, वाळलेला माणूस, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि एक सोडलेली. नियोजन बैठकीलाही तसेच यायचे. मी एकदा न राहवून सांगितलं, "सर, बाही." त्यांनी दुमडलेली सोडली आणि सोडलेली दुमडली.

आणि शिंगाडे. आमच्याकडे तलाव भरपूर, पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. सरांचा खिसा त्या दिवसांत शिंगाड्यांनी फुगलेला असायचा. अडचणीचा प्रश्न विचारला की ते प्रेमाने एक शिंगाडा हातावर ठेवायचे. "आधी घ्या जी." आता तो काळा टणक शिंगाडा सोलायला दोन्ही हात लागतात, काटा सांभाळावा लागतो, मान खाली घालावी लागते. सोलून मान वर केली की सर नाहीत. परीक्षेचे पेपर का छापले नाहीत, हे विचारायला मी गेले आणि बोटं काळी करून परत आले, असं किती वेळा झालं. मोसम नसला की फुटाणे द्यायचे. पण फुटाण्यांत तेवढी ताकद नव्हती, फुटाणे खाता खाता माणूस बोलू शकतो. म्हणून उन्हाळ्यात ते आम्हाला फारसे भेटायचेच नाहीत.

पण त्यांचं खरं वेड होतं ते रोवणीचं. ते आले तो पावसाळ्याचा मध्य होता, शेजारच्या बांधीत रोवणी चालू होती. धान एका जागी पेरतात, रोपं वीतभर झाली की उपटतात आणि दुसऱ्या बांधीत चिखलात लावतात. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. सरांनी मात्र बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. बाया वाकून रोवत होत्या आणि हे दुपारभर खिडकीशी उभे. जेवायलाही गेले नाहीत. पुढच्या सोमवारी ओट्यावरून गरजले, "उपटल्याशिवाय वाढ नाही!" आणि सगळ्या प्राध्यापकांना उपटून दुसरीकडे लावलं.

मला क्रीडा विभाग मिळाला. बाप्पा! मी जन्मात कधी एसटीमागेसुद्धा धावले नव्हते. खेळाचे सर गेले ग्रंथालयात, आणि ग्रंथपाल बाई मुलांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकावर. मी तणतणत केबिनमध्ये गेले. "सर, मग रसायनशास्त्र कोण शिकवणार?"

"तुम्हीच जी."

"मग मला हलवलं कशाला?"

"हलवलं नाही. रोवलं. तुम्ही शिकवाल तेच, पण क्रीडा विभागातून शिकवाल. बघा कसा फरक पडतो."

फरक एवढाच पडला की माझा बीएस्सीचा वर्ग कबड्डीच्या मॅटांच्या खोलीत भरू लागला आणि ॲसिडच्या बाटल्यांशेजारी डंबेल्स आली. तिकडे ग्रंथालयात खेळाचे सर शिट्टी घेऊन बसायचे. पुस्तक हवं असलं तर पोरांनी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत कपाटापर्यंत जाऊन आणायचं, दम तुटला की रिकाम्या हाताने परत. खोटं वाटेल, पण त्या वर्षी ग्रंथालयात जितकी गर्दी झाली तितकी कधी झाली नव्हती. म्हणजे कुलगुरूंचं बरोबर होतं की काय? मला तेव्हाही समजलं नाही, आताही समजत नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा सगळ्यांना उपटलं. आता मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या माहेरी, सासरी, दोन्हीकडे धान. मी सरळ म्हटलं, "सर, रोप एकदाच उपटतात. दरसाल उपटलं तर मरते ते." सरांनी खिसा चाचपला. मग त्यांनी मला फुटाणे दिले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण माझ्या वर्गात प्रतिमा होती.

प्रतिमा कोहमाऱ्याच्या पलीकडची, रानाच्या कडेच्या गावातली. घरात गोंडी बोलणारी माणसं, थोडं धान, आणि बाप वनखात्याच्या कामावर मजूर. पोरगी पहाटेच्या एसटीने यायची आणि शेवटच्या एसटीने जायची. वर्गातल्या बाकीच्या मुलीही अशाच, कोणी देवरीकडची, कोणी सडक अर्जुनीकडची. गोंदियाला राहून शिकवणं त्यांच्या घरांना परवडणारं नव्हतं. हे विद्यापीठ एसटीच्या वाटेवर होतं म्हणून त्या शिकत होत्या, इतकं ते साधं होतं. आमचा विज्ञान विभाग बंद पडला तर या मुली घरी बसणार, यात कोणालाच शंका नव्हती. आणि त्याच सुमाराला कुजबूज सुरू झाली की शेठजींना विज्ञान बंद करून फार्मसी काढायची आहे. खर्च कमी, फी जास्त.

कुजबुजीवर उत्तर म्हणून प्रगती निवेदनं वाढू लागली. आमचे दोन प्राध्यापक नोकरी सोडून गेले, एक गोंदियाला आणि एक नागपूरला. सोमवारी सर म्हणाले, "आपलं विद्यापीठ आता गोंदिया आणि नागपूरपर्यंत पोचलं आहे." विद्यापीठाची बस विकली गेली. सर म्हणाले, "आपले विद्यार्थी आता स्वतःच्या पायावर उभे आहेत." आणि ते अक्षरशः उभे होते, एसटीत. प्रयोगशाळेचा गॅस बंद झाला तेव्हा म्हणाले की आता आपली प्रयोगशाळा पर्यावरणाला धरून चालेल. मी पुढच्याच रांगेत होते. डोक्याला हात लावला. मागून प्रतिमा हळूच म्हणाली, "मॅडम, सर का म्हनून राहिले? विभाग राहाते का जाते?"

"मलाच समजलं नाही, बाई."

"तुमाले नाही समजलं त आमाले कोन सांगन?"

मी त्याच दिवशी केबिनमध्ये गेले. शिंगाडा घेतला नाही. हात मागे बांधून उभी राहिले. "सर, हो की नाही, एवढंच सांगा. विज्ञान विभाग राहणार आहे का?"

सर खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं लहान उत्तर कसं द्यायचं जी?"

मला इतका राग आला की दार आपटून बाहेर आले. दार आपटलं नाही, दाराची कडी तुटलेली होती, ते परत उघडलं आणि आत सर तसेच उभे दिसले. तो माणूस लबाड आहे, भोळा आहे की बधिर आहे, मला ठरवता येत नव्हतं. कधी वाटायचं, शेठजींचा माणूस आहे, आम्हाला झुलवतोय. कधी वाटायचं, त्याला खरंच वाटतंय की आम्ही वाढतोय.

प्रतिमा शेवटच्या वर्षाला गेली त्या उन्हाळ्यात तिची धाकटी बहीण काजल बारावी झाली, विज्ञान घेऊन. बापाने आधीच म्हणून ठेवलं होतं की मोठी टिकली तर धाकटीलाही तिथेच टाकीन. पण कुजबूज त्याच्या कानावर गेली आणि तो अडला. प्रतिमाने मला सांगितलं, मी सरांच्या कानावर घातलं. वाटलं, फुटाणे मिळतील. तर ते म्हणाले, "चला, आपण त्यांच्या घरी जाऊ."

भाड्याची जीप करून आम्ही गेलो. शेणाने सारवलेलं अंगण, कुडाच्या भिंतीला टेकलेली सायकल, मोहाची फुलं वाळत घातलेली. बापाने बाज टाकली, पाणी दिलं. आई आतून मुलींना गोंडीत काहीतरी म्हणाली, मुली हसल्या, आम्हाला काही समजलं नाही. सर बाजेवर बसल्याबरोबर बाजेचा दोर करकरला, ते दचकून उठले, मग पुन्हा बसले.

बाप सरळ बोलला. "पाहा जी, मोठीचं आखरी वर्स आहे, थे निंगून जाइल. पन हे लाहान आहे. हिची मावशी गोंदियाले राहाते, तिचा मालक रेल्वेत आहे. थे म्हन्ते का नर्सिंगले जागा मिरून राहिली, माह्याघरी राहीन पोरगी, उद्यापर्यंत सांगा. आता तुमी मोठे मानूस दारात आले. तुमीच सांगा. कालेज बंद त नाही ना होनार?"

मी सरांकडे बघितलं. मुलीही बघत होत्या. काजल दाराच्या चौकटीला धरून उभी होती, दोन वेण्या, बारावीच्या मार्कांचा कागद उगाचच हातात. तिला नर्सिंग नको होतं, प्रतिमासारखं प्रयोगशाळेत उभं राहायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस सरळ बोलेल. हा काही झेंड्याचा ओटा नाही.

सर म्हणाले, "विज्ञान विभाग वाढतो आहे. काळजी करू नका जी."

बापाने मान हलवली. "मंग टाकतो. तुमी म्हनून राहिले त खरंच असन."

परतताना जीपमध्ये कोहमाऱ्याचा चौक आला तेव्हा राहवलं नाही. "सर, तुम्ही तिथे सांगितलं ते खरं आहे ना?"

"आज तरी खरं आहे, मॅडम."

हे वाक्य मी किती दिवस उलटसुलट करून पाहिलं. आज खरं आहे म्हणजे उद्या नाही? की आज खरं आहे म्हणून उद्याही राहील? मावशीला त्याच संध्याकाळी नकार कळवला गेला. ती रुसली म्हणे. बहिणीचं घर असून परक्या साहेबावर भरवसा ठेवला, म्हणून रुसली.

प्रतिमाचं वर्ष पार पडलं. कसं पडलं ते आमचं आम्हाला ठाऊक. गॅस नव्हता तर स्पिरिटच्या दिव्यावर प्रयोग केले, परीक्षक आले तेव्हा डंबेल्सवर चादर टाकली. पोरगी पहिल्या वर्गात बीएस्सी झाली. देवरीकडच्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला लागली. पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा माझ्याआधी सरांना दिला. मला थोडं लागलं ते, खोटं कशाला बोलू. सरांनी पेढा घेतला आणि काही बोलले नाहीत, हेच नवल.

त्यानंतरच्या एका सोमवारी ते ओट्यावर चढले. त्या दिवशी माईक नेमका चालू होता. "आजपासून विज्ञान विभाग विश्रांती घेत आहे," ते म्हणाले. खेळाच्या सरांनीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मैदानभर पोरं एकमेकांकडे बघत राहिली. विश्रांती म्हणजे सुट्टी का? किती दिवस? कोणीतरी हसलंसुद्धा. दुपारी कार्यालयातून समजलं. विज्ञान बंद. ज्यांना हवं त्यांनी बीएला बसावं, नाहीतर गोंदियात स्वतःचं स्वतः बघावं.

काजलचं पहिलं वर्ष नुकतंच झालं होतं. मावशीच्या नवऱ्याची तोवर डोंगरगढला बदली झाली होती, गोंदियात आता त्यांचं कोणी नव्हतं. नर्सिंगची जागा तर कधीच भरली होती. बाप कार्यालयात आला, खिडकीशी उभा राहिला, ऐकून घेतलं, आणि मुलीला घेऊन एसटी स्टॉपवर जाऊन बसला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी केबिनकडे धावले, आज मी काय बोलणार होते देव जाणे. केबिनला कुलूप होतं. पुढच्या सोमवारी ओट्यावर दुसरेच गृहस्थ उभे होते, इस्त्रीचे कपडे, दोन्ही बाह्या सारख्या. त्यांचं सगळं बोलणं समजत होतं आणि ते सगळं फीबद्दल होतं. त्या वर्षी मी नोकरी सोडली. आता गोरेगावातच ज्युनियर कॉलेजात शिकवते.

जुने सहकारी भेटले की सरांचा विषय निघतोच. बकरीची नक्कल होते, शिट्टीची होते, सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. मग घरी येऊन उगाच चिडचिड करते. नवरा विचारतो, "काऊन वो, आता का झालं?" काय सांगू? एका पोरीचं त्या माणसामुळे झालं आणि एकीचं त्याच माणसामुळे गेलं, त्याच एका थापेने. मग त्याला शिव्या घालायच्या की हात जोडायचे?

मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नाला अर्जुनीकडे निघाले होते. कोहमाऱ्याला गाडी बदलायची होती. ढाब्यासमोरच्या बाकावर एक उंच माणूस बशीत चहा ओतून फुंकर मारत बसला होता. एक बाही दुमडलेली. मी जवळ गेले. केस पांढरे झाले होते.

"मॅडम!" ते उठले. "बसा जी. वाढ कशी आहे?"

माझा तोल गेला. भर चौकात, ट्रकवाले चहा पीत बसलेले, मी बोलत सुटले. "कसली वाढ, सर? कसली वाढ! आमच्या तोंडाला पानं पुसली तुम्ही. त्या माणसाच्या अंगणात बसून खोटं बोललात. तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

ते सगळं ऐकत राहिले. बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला काहीच माहीत नव्हतं, मॅडम. तेच तर."

"काहीच?"

"रविवारी रात्री शेठजींचा फोन यायचा. एका रविवारी म्हणायचे, साइंस रखेंगे. दुसऱ्या रविवारी म्हणायचे, बंद करेंगे, अभी किसी को बोलना नहीं. तिसऱ्या रविवारी, देखते हैं. सोमवारी मी ओट्यावर चढायचो तेव्हा तुम्हाला जेवढं माहीत असायचं तेवढंच मला माहीत असायचं. त्या घरी गेलो त्या आठवड्यात 'रखेंगे' होतं."

"मग माहीत नाही म्हणायचं."

"कुलगुरू माहीत नाही म्हणाला की दुपारपर्यंत वर्ग रिकामे होतात जी. मोठ्या मुलीचं शेवटचं वर्ष होतं. तुम्ही तरी थांबला असता का?"

मी थांबले नसते, त्या वर्षी नागपूरला माझी एक मुलाखत ठरलेलीच होती. मी गेले असते तर प्रतिमाला कोण शिकवणार होतं? म्हणजे पुन्हा तेच. त्यांचं बरोबर धरावं तर काजल डोळ्यांसमोर येते, चूक धरावं तर प्रतिमा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं कोण जाणे.

"धाकटी काय करते?" त्यांनी विचारलं.

"घरी आहे. रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते."

त्यांनी चहावाल्याला पैसे दिले. "इथून जवळच ना ते गाव? मला घेऊन चला."

मी लग्न सोडलं. काळीपिवळीत दाटीवाटीने बसून आम्ही गेलो. मला वाटत होतं, तिथे जाऊन हा माणूस पुन्हा काहीतरी निवेदन देईल आणि मला तोंड लपवावं लागेल.

बाप घरी नव्हता, कामावर गेला होता. प्रतिमा शाळेत. अंगणात काजल धान पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि ओढणी नीट केली. अंगाने भरली होती, हात उन्हाने रापले होते. ओळखलं तिने. बाज ओढून दिली. सर बसले नाहीत, उभेच राहिले.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"चांगली आहो, मॅडम." मग ती सरांकडे वळली. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला भय वाटलं. "सर, आमचा विभाग पुन्हा चालू होनार हाय का? इथं सारेच म्हन्तेत का होनार हाय. मी पुस्तकं ठेवून राहिली आतापावतो. तुमी सांगा."

सरांचं तोंड उघडलं. मला ते ओळखीचं होतं, ओट्यावर असंच उघडायचं. "हे बघ, बदल..." ते म्हणाले, आणि थांबले. कोंबड्या धानात शिरल्या, कोणी हाकलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते. तोंडावरचं सगळं उतरत गेलं.

"नाही," ते म्हणाले. "होणार नाही."

काजलने मान हलवली.

"हेच तवा सांगतलं असतं, सर," ती म्हणाली, "त मी मावशीघरी गेली असती."

सर मटकन बाजेवर बसले. आणि ती त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.